शेतकरी कोणास म्हणावे? : मावळातील शेतीसाहाय्याच्या परिभाषेचा विचार

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यापासून तळेगाव दाभाड्यापर्यंत पसरलेला मावळ तालुका हा भाताचा मुलूख आहे. लोणावळ्याच्या बाजूस वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे सरकावे तसतसा तो झपाट्याने उणावत जातो. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ह्या तीन खोऱ्यांतील खाचरांत आंबेमोहोराचा वास पूर्वीपासून दरवळत आला. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून ‘आंबेमोहोर १५७’ आणि ‘आय. आर. ८’ ह्यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हे वाण बाहेर पडले आणि आज मावळचा तांदूळ म्हटला की बहुतेकांना तेच आठवते. खाचरांच्या वर, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत, नाचणी व वरी. पवनेच्या काठी ऊस. आणि गेल्या काही दशकांत हरितगृहांतील गुलाब. पीक कोणतेही असो, त्याच्या पाठीशी शासनाचे काही ना काही द्रव्यसाहाय्य उभे असते. हे साहाय्य किती असावे व त्याने शेती सुधारते किंवा कसे, हा अर्थशास्त्राचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्या साहाय्याच्या शब्दांचा विचार करावयाचा आहे. हे शब्द निरुपद्रवी नाहीत. कोणाच्या खात्यात पैसे जमा व्हावयाचे आणि कोणाच्या नाही, हे पुष्कळदा एका शब्दाच्या अर्थावर ठरते, आणि तो शब्द म्हणजे ‘शेतकरी’.

ह्या परिभाषेतील सर्वांत जुना व दीर्घायुषी शब्द ‘तगाई’. तो अरबी-फार्सीतील ‘तकावी’ ह्या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी बळ, ताकद हा अर्थ आहे. ‘कुवत’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. तगाई म्हणजे बळ देणे, खचलेल्या कुळास पुन्हा उभे करणे. मराठी कानाला हा शब्द ‘तगणे’ ह्या क्रियापदाशी जोडावासा वाटतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो संबंध खरा नव्हे, पण अर्थाच्या दृष्टीने अगदीच वावगाही नव्हे. व्यवहार म्हणून ही कल्पना मराठी राज्यात चांगलीच रुजलेली होती. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्यास गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाहीत वा पोटाला दाणे नाहीत त्यास ते द्यावे, आणि वसुली करताना वाढीदिढी न घेता मुद्दल तेवढे त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू घ्यावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. साहाय्य कोणास द्यावयाचे, ह्याची तेथील कसोटी लक्षात घेण्यासारखी आहे. जमीन कोणाच्या नावे आहे हे विचारण्याआधी, कसण्यास हात कोणापाशी आहेत, हे विचारले आहे. पडजमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिली काही वर्षे कमी सारा आकारून तो पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्याची जी ‘इस्तावा’ नावाची रीत होती, तिचाही रोख कसणाराकडेच होता.

इंग्रजी अमलात तगाईला कायद्याचे रूप आले. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज अधिनियम विहिरी, ताली ह्यांसारख्या कायमच्या सुधारणांसाठी, आणि १८८४ चा शेतकरी कर्ज अधिनियम बी-बियाणे व बैल ह्यांसाठी. पहिला कायदा झाला त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, हा योगायोग नोंदवून पुढे जावे. सरकारी कागदांत ह्या दोन्ही कायद्यांखालील रकमांना तगाईच म्हणत. भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ह्या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे सकर्मक होती व त्यांचा कर्ता शेतकरी होता. तो तगाई ‘उचली’, ‘काढी’, ‘फेडी’. फेडता न आल्यास ‘थकवी’. कर्जाच्या भाषेत अपमानाची शक्यता असते, जप्तीची तर असतेच. परंतु त्या वाक्यात शेतकरी हा करणारा असतो.

‘अनुदान’ हा शब्द आला आणि वाक्याची ही रचना पालटली. मराठीत राज्यकारभाराची परिभाषा बुद्धिपुरस्सर घडविण्याची परंपरा ‘राज्यव्यवहारकोशा’इतकी जुनी आहे. पुढे बडोद्यास ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ १९३१ साली सिद्ध झाला, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन होताच १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले. ह्या प्रवाहातून जे संस्कृतोद्भव शब्द कचेऱ्यांत स्थिरावले त्यांत ‘अनुदान’ हा अग्रगण्य म्हणता येईल. तो प्रथम रुळला शाळांच्या संदर्भात. ‘अनुदानित’ व ‘विनाअनुदानित’ ही विशेषणे प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहेत. शेतीत तो आला तेव्हा ‘सबसिडी’ हा इंग्रजी शब्द आधीच गावात पोहोचला होता, आणि बोलण्यात आजही त्याचेच चलन अधिक आहे. कागदावर अनुदान, चावडीवर सबसिडी, अशी वाटणी झालेली दिसते.

‘सबसिडी’ ह्या शब्दाचा इतिहास मराठी वाचकास थोडा टोचणारा आहे. लॅटिन भाषेत त्याचे मूळ राखीव सैन्य, मागाहून मदतीस येणारी तुकडी ह्या अर्थाचे. कंपनी सरकारच्या कागदांत हा शब्द येतो तो फौजेच्या खर्चासाठी देशी संस्थानिकांनी द्यावयाच्या रकमेस. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. त्या द्रव्यास इंग्रज हाच शब्द वापरीत. म्हणजे पुण्याच्या दरबारातून जी ‘सबसिडी’ एकदा बाहेर गेली, तोच शब्द दीड शतकानंतर उलट दिशेने, सरकारकडून कुणब्याकडे येणाऱ्या पैशाचे नाव होऊन परतला. मावळच्या शेजारी, चाकणजवळील आंबेठाण येथे राहून शेतकरी संघटना उभारणाऱ्या शरद जोशींनी त्याला आणखी एक वळण दिले. शेतमालाचे भाव सरकारी धोरणाने पाडले जातात, तेव्हा शेतकरी सबसिडी घेत नसून ती देतच असतो, हे सांगण्यासाठी त्यांनी ‘उणे सबसिडी’ ही संज्ञा रूढ केली. देशी ‘उणे’ आणि परकी ‘सबसिडी’ ह्यांचा हा सांधा कोशकारास कदाचित रुचणार नाही. परंतु एका सबंध आर्थिक युक्तिवादास दोन शब्दांत बसविणारी अशी संज्ञा परिभाषासमित्यांकडून क्वचितच घडते.

आता ‘अनुदान’ शब्दाच्या रचनेकडे वळू. ‘अनु’ म्हणजे मागून. कोशकारांच्या मनात तसे काही असो वा नसो, शेतीतील बहुतेक अनुदानांचे व्यवहारातील रूप ह्या उपसर्गाशी तंतोतंत जुळते. हरितगृहाचे उदाहरण घ्यावे. पवन मावळात व तळेगावच्या परिसरात गुलाबाची जी हरितगृहे उभी राहिली, त्यांना फलोत्पादन अभियानाचा आधार होता. अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ठरावीक खर्चाच्या निम्मे साहाय्य, एका लाभार्थ्यास ४,००० चौरस मीटरांच्या मर्यादेत, देय होते. पण ‘देय’ आणि ‘दिले’ ह्यांच्यामध्ये मोठा पल्ला असतो. आधी अर्ज, मग निवड, मग ‘पूर्वसंमती’, मग स्वतःच्या वा बँकेच्या पैशाने उभारणी, मग देयके सादर करणे, मग ‘मोका तपासणी’, आणि त्यानंतर रक्कम. ह्या साखळीतील ‘मोका’ हा एकच शब्द गावाचा. बाकी सारे कचेरीचे. निवडीची रीतही शब्दांबरोबर बदलत गेली आहे. ‘महाडीबीटी’ प्रणालीवर काही वर्षे संगणकीय ‘सोडत’ निघत असे. लॉटरीस सोडत म्हणणे हे जुनेच. परंतु ठिबक संचासाठी ‘नंबर लागला’ असे शेतकऱ्याने म्हणावे, ह्यात अनुदानाचे हक्कापासूनचे अंतर आपोआप व्यक्त होत असे. २०२५ पासून सोडतीची जागा ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य’ ह्या तत्त्वाने घेतली. ज्यास आधी स्वतः खर्च करणे शक्य आहे, त्यासच ‘मागून दिलेले’ घेता येते, ही गोष्ट मात्र तशीच राहिली. निम्मे अनुदान असले तरी उरलेले निम्मे, आणि अनुदान हाती येईपर्यंत पहिलेही निम्मे, कोणीतरी उभे करावेच लागते.

अनुदानाबरोबर क्रियापदे येतात ती ‘मिळणे’, ‘मंजूर होणे’, ‘सुटणे’, ‘जमा होणे’. आता शेतकरी कर्ता राहत नाही. ‘शेतकऱ्यास अनुदान मिळते’ ह्या वाक्यात तो चतुर्थीत जातो. संस्कृत व्याकरणकार ह्या कारकास ‘संप्रदान’ म्हणतात, म्हणजे ज्यास दान द्यावयाचे तो. दानाची ही छाया परिभाषेत सर्वत्र पसरलेली आहे. अर्जदार ‘पात्र’ ठरतो वा ‘अपात्र’. सत्पात्री दानाची जुनी कल्पना येथे शासननिर्णयाच्या भाषेत उतरली आहे. ज्यास रक्कम मिळाली तो ‘लाभार्थी’. ‘विद्यार्थी’, ‘परीक्षार्थी’ ह्या शब्दांच्या धर्तीवर पाहिले तर लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा. लाभ झालेला तो खरे तर ‘लब्धलाभ’ म्हणावयास हवा. पण शब्दाच्या ह्या चुकीत एक सत्यही दडले आहे. हप्ता मिळालेला माणूस पुढच्या हप्त्याचा अर्थीच असतो. ओळख पडताळणी, आधार-जोडणी, जमीन-नोंदीची जुळणी ह्यांपैकी काहीही अडले की तो पुन्हा रांगेत उभा राहतो.

दानाची ही छाया बोचते, हे राज्यकर्त्यांच्याही ध्यानी आलेले दिसते. ‘कर्जमाफी’ ह्या शब्दात अपराध गृहीत धरलेला आहे, अशी टीका शेतकरी चळवळीत वर्षानुवर्षे होत होती. २०१७ च्या राज्य योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला, डिसेंबर २०१९ च्या योजनेत ‘कर्जमुक्ती’ आली. केंद्राची जी योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली तिचे नाव ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ : वर्षास ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात तितक्याच रकमेची भर घातली व नावातही भर घातली, ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे वितरित झाला. तगाईत बळ होते, अनुदानात दान होते, येथे मान आहे. गावच्या बोलण्यात मात्र ह्यांपैकी काहीच टिकत नाही. ‘दोन हजार पडले’ असे म्हटले जाते, पाऊस पडावा तसे. ह्या वाक्यात देणारा नाही आणि घेणाराही नाही. फोनवर संदेश येतो, एवढेच.

नात्याची भाषाही आली आहे. २०२४ च्या ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये. परंतु ज्या स्त्रीस शेतकरी म्हणून दोन्ही निधींतून महिन्याकाठी सरासरी १,००० रुपये मिळतात, तिला बहीण म्हणून ५०० च दिले जातात. शेतकरी असल्याबद्दल तिचे बहीणपण दोन तृतीयांशाने घटते, असा ह्या वजाबाकीचा शब्दशः अर्थ होतो. अर्थात मावळात, वा अन्यत्रही, हा प्रश्न फार स्त्रियांपुरता उद्भवत नाही. कारण आवणीच्या दिवसांत कमरेइतक्या वाकून खाचरे भरणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची नावे जमिनीच्या कागदावर नसतात. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालवून पुरुषांना आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली.

येथे आपण मूळ शब्दापाशी येतो. ‘-करी’ हा प्रत्यय मराठीत दोन प्रकारची कामे करतो. इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यास ती समजावून सांगावी लागत नाहीत. वारी करतो तो वारकरी. येथे प्रत्यय क्रिया दाखवितो. माळ घातलेली असते तो माळकरी. येथे प्रत्यय धारण दाखवितो. माळ एकदा घातली की घातली. वारी मात्र दर वर्षी पायांनी करावी लागते. ‘शेतकरी’ हा शब्द ह्या दोन्ही अर्थांनी फोडता येतो : शेत करणारा आणि शेत धारण करणारा. ‘यंदा त्याने अमक्याचे शेत केले’ असा प्रयोग मराठीत सहज होतो, आणि त्यात शेत अमक्याचे व करणारा दुसराच असतो. हिंदी ‘किसान’ हा शब्द तर ‘कृषाण’ ह्यावरून, म्हणजे नांगरण्याच्या क्रियेवरूनच आलेला आहे.

कायद्याने ह्यांपैकी पहिला अर्थ एकदा निःसंदिग्धपणे स्वीकारला होता. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात शेतकरी म्हणजे जमीन ‘जातीने’ कसणारा. (ह्या ‘जातीने’चा ज्ञातीशी संबंध नाही. अरबी ‘जात’ म्हणजे स्वतः. ‘जातीने हजर राहणे’ ह्यातला तो शब्द.) जातीने कसण्याच्या व्याख्येत स्वतःच्या श्रमाने, कुटुंबीयांच्या श्रमाने, आणि स्वतःच्या देखरेखीखाली मजुरीवर लावलेल्या माणसांच्या श्रमाने कसणे, ही तिन्ही आली, पिकाचा वाटा देऊन कसून घेणे मात्र वगळले गेले. १ एप्रिल १९५७ ह्या कृषिदिनी ह्या कायद्याखाली कुळे कसत असलेल्या जमिनीचे मालक मानली गेली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा म्हणजे ‘-करी’ प्रत्ययाच्या दोन्ही अर्थांना एकाच माणसाच्या ठायी आणण्याचा प्रयत्न होता, असे भाषेच्या अंगाने म्हणता येईल.

त्याच कायद्याने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकण्यावर बंधन घातले. त्याचा परिणाम मावळात विचित्र झाला. मुंबई व पुणे ह्यांच्या मधोमध, लोहमार्ग व महामार्ग ह्यांवर वसलेल्या ह्या तालुक्यात, विशेषतः २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाल्यानंतर, जमिनीस जो भाव आला तो भाताच्या उत्पन्नाशी काहीही संबंध नसलेला होता. लोणावळा-कामशेतच्या बाजूस डोंगर दिसणारी जमीन घ्यावयाची तर घेणाऱ्याने आधी शेतकरी असावे लागते. म्हणून ‘शेतकरी असल्याचा दाखला’ ही वस्तू मोलाची झाली. दूरच्या एखाद्या तालुक्यात वडिलोपार्जित चार गुंठ्यांवर नाव असलेला शहरवासी येथे शेतकरी म्हणून जमीन घेतो. ज्याने ती विकली, तो मागे काही राहिले नसेल तर, त्या दिवसापासून शेतकरी राहत नाही. अनेकदा तोच, किंवा पलीकडच्या ठाकरवाडीतला वा कातकरवाडीतला एखादा, त्याच खाचरात मजुरीने वा वाट्याने भात लावीत असतो. क्रिया तीच, हात तेच. शब्द तेवढा एकाकडून दुसऱ्याकडे गेला.

आता सन्मान निधीची व्याख्या पाहावी. तीत पाहिले जाते ते ‘भूधारक शेतकरी कुटुंब’ : पती, पत्नी व अठरा वर्षांखालील अपत्ये, ज्यांच्या नावे भूमी अभिलेखांत लागवडीयोग्य जमीन आहे. प्रारंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती, जून २०१९ पासून तीही उठली. जमीनधारणेचा निर्णायक दिनांक १ फेब्रुवारी २०१९. मूळ सूचनांप्रमाणे त्यानंतरच्या पाच वर्षांत ज्याने जमीन घेतली तो पात्र नाही, अपवाद केवळ वारसाने आलेल्या जमिनीचा. म्हणजे त्या काळात नव्याने शेतकरी होण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे कोणीतरी मृत्यू पावणे. इतर राज्यांनी त्याच सुमारास वेगवेगळे पर्याय निवडले होते. तेलंगणाने २०१८ च्या ‘रयतु बंधू’ योजनेत एकरी रक्कम धारकासच दिली, तर ओडिशाने ‘कालिया’ योजनेत वाट्याने कसणारा व भूमिहीन ह्यांनाही समाविष्ट केले. तेव्हा धारणेची कसोटी ही अपरिहार्य नव्हती, निवडलेली होती. तिच्या बाजूने सांगण्यासारखे एक कारण आहेच : धारक कोण हे कागद पाहून ठरविता येते, कसणारा कोण हे खाचरात गेल्यावाचून कळत नाही.

ह्या व्याख्येला वगळणुकीची यादीही जोडलेली आहे. प्राप्तिकर भरणारा, सेवेत असलेला वा दरमहा १०,००० रुपये व अधिक निवृत्तिवेतन घेणारा शासकीय कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), व्यवसाय करणारा वैद्य, वकील, अभियंता, वास्तुविशारद हे सारे अपात्र. ही यादी न्याय्यच म्हणावी लागेल. पण धारणेची व्याख्या आणि ही यादी एकत्र लावून पाहिली की मावळातील पुष्कळ खाचरांच्या बाबतीत जे निष्पन्न होते ते व्याकरणाच्या भाषेत ‘कर्तृलोप’ म्हणण्याजोगे आहे. जमिनीचा धारक मुंबईचा वकील. तो यादीने वगळला. कसणारा वाटेकरी, तो व्याख्येने वगळला. भात तर पिकते, पण शासनाच्या दृष्टीने त्या खाचराला शेतकरीच नाही. आणि फलोत्पादन अभियानासारख्या ज्या योजनांत प्राप्तिकराची अट नाही, तेथे तोच धारक पुन्हा शेतकरी होऊन हरितगृहासाठी अर्ज करू शकतो. एकच मनुष्य एका योजनेत शेतकरी, दुसऱ्या योजनेत नाही. वाटेकरी मात्र दोन्हीकडे नाही.

‘सातबारा’ हा शब्द ह्या संदर्भात विशेष बोलका आहे. दोन आकड्यांचा द्वंद्व समास होऊन मराठीत नाम झाले आणि ‘सातबारा कोरा करणे’ हा वाक्प्रचारही त्यातून निघाला. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, जमीन कोणाची ते सांगणारा. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, जमिनीत काय केले ते सांगणारी. म्हणजे माळकऱ्याचा अर्थ सातात आहे आणि वारकऱ्याचा बारात. जुन्या उताऱ्यांत ‘रीत’ आणि ‘जमीन करणाराचे नाव’ असे रकाने असत. धारकाखेरीज दुसरा कोणी कसत असेल तर तेथे त्याचे नाव येई. पुढे ह्या नोंदी उताऱ्यातून निघाल्या, आणि धारकाखेरीज अन्य कोणाचा ताबा असल्यास तहसीलदाराच्या चौकशीनंतर ‘सात-ब’ ह्या निराळ्या नमुन्यात नोंद करण्याची तरतूद १९७१ च्या नियमांनी झाली. अशी नोंद करून घेणारा वाटेकरी आज शोधून सापडणे कठीण. त्याचे कारण १९४८ च्या कायद्याच्याच स्मृतीत आहे. कसणाराचे नाव कागदावर आले की तो कूळ होईल व जमीन जाईल, ही धास्ती धारकाच्या मनातून तीन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. म्हणून वाटा ठरतो तो तोंडी, बहुधा एका हंगामापुरता, आणि पुढच्या वर्षी खाचर बदलून. कसणाऱ्यास मालक करण्यासाठी झालेल्या कायद्याने कसणाऱ्याचे नाव कागदावरून पुसले, असा हा उलटा फेरा आहे.

ह्याची किंमत आपत्तीच्या वर्षी कळते. पीकविम्यात वाट्याने वा खंडाने कसणाऱ्यास तत्त्वतः प्रवेश आहे. राज्याने खरीप २०२३ पासून विमा एक रुपयात केला तेव्हाही तो होता, आणि २०२५ मध्ये ती सवलत जाऊन खरिपासाठी विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता पुन्हा लागू झाला तेव्हाही तो राहिला. पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी वाट्याने कसणाऱ्यापाशी तो कोठून असणार? आपत्तीनंतरच्या मदतीचे तसेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मावळात हरितगृहांचे कागद फाटले, सांगाडे वाकले, आणि गावोगाव पंचनामे झाले. पंचनामा हा शब्द पाच जणांच्या साक्षीवरून आलेला. त्या पाचांना शेत कोण करतो हे पक्के ठाऊक असते, तरी रक्कम जाते ती खात्यावरील नावास. तेहतीस टक्क्यांहून अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकास केंद्राच्या २०२२ ते २०२६ ह्या कालावधीच्या निकषांप्रमाणे हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. वीस गुंठ्यांच्या खाचराचे ते सतराशे रुपयांच्या आसपास होतात. रक्कम लहान आहे. पण बियाणे, खत आणि चिखलणीचे भाडे ज्याने घातले तो एक आणि हे सतराशे ज्यास आले तो दुसरा, असे झाले की दोघांतील तोंडी वाट्यावर त्याचा ताण येतोच. भला धारक ते पैसे आणून देतो. तसा नियम मात्र नाही.

एक साहाय्य असे आहे की जे कसणाराच्या हाती, त्याचे नाव न विचारता, पोहोचते. युरियाची ४५ किलोची पिशवी दुकानात २६६ रुपये ५० पैशांस मिळते. तिच्या खऱ्या किमतीतील मोठा भाग केंद्र सरकार खत कंपनीस देते. २०१८ पासून त्यासाठी दुकानात यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, पण सातबारा दाखविल्याखेरीज पिशवी मिळत नाही असे नाही. शेतीवरील अनुदानांपैकी अत्यंत मोठे असे हे अनुदान, आणि त्यास गावच्या भाषेत नावच नाही. कोणीही ‘मला खताचे अनुदान मिळाले’ असे म्हणत नाही. ‘पिशवी आणली’ असे म्हणतो. त्या वाक्यात कर्ता पुन्हा शेत करणाराच असतो.

कागदाची पकड आता अधिक घट्ट होत आहे. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषिविभागाच्या योजनांसाठी ‘शेतकरी ओळख क्रमांक’ आवश्यक झाला. तो आधार व जमीनधारणा ह्यांच्या जोडणीतून निघतो. पूर्वी शब्द संदिग्ध होता म्हणून एखाद्या ग्रामसेवकास, कृषी साहाय्यकास वा सोसायटीच्या सचिवास आपल्या जबाबदारीवर ‘हाच शेतकरी’ असे म्हणता येत असे. अंकास संदिग्धता नसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून चालू झालेल्या ई-पीक पाहणीत मात्र एक फट राहिली आहे. पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून फोनने पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते, आणि मुंबईच्या धारकाऐवजी ते काम पुष्कळदा वाटेकऱ्यालाच करावे लागते. तो खातेदाराचे नाव निवडतो, गट क्रमांक निवडतो, पिकाच्या जागी भात भरतो, आणि आपण लावलेल्या खाचराचे चित्र टिपतो. नोंद नमुना बारामध्ये होते. ती कोणी केली, हे लिहिण्यास त्या नमुन्यात रकाना नाही.